लिटरमागे किती किलोमीटर?

वाहन चालवायला पेट्रोल किंवा डिझेल लागते, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांतील किती तेल कामी येते आणि किती वाया जाते, याचा हिशेब फार थोडे लोक ठेवतात. वाहन चालवण्याच्या आणि सांभाळण्याच्या चांगल्या सवयींनी पैशांची बचत कशी होते, हे या पाठात सांगितले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा हे मोठे गाव आहे. इतिहासात ते शकरखेडा या नावाने प्रसिद्ध आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांच्यात मोठी लढाई झाली. मुबारिझ खान मारला गेला, निजामाचा विजय झाला आणि पुढे दख्खनमध्ये निजामाचे राज्य उभे राहिले. त्या काळी फौजेची सारी धावपळ घोड्यांवर आणि बैलांवर चाले. या जनावरांची वैरण आसपासच्या रानातच मिळे.

आज घोड्यांची जागा वाहनांनी घेतली आहे. साखरखेर्ड्याला रेल्वे नाही. मेहकर, चिखली किंवा सिंदखेड राजा येथे जायचे तर एस.टी., जीप, ऑटोरिक्षा किंवा मोटारसायकल यांचाच आधार असतो. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असो, सोयाबीन बाजारात न्यायचे असो की परीक्षेला जायचे असो, चाके फिरली तरच काम होते. मात्र या वाहनांची वैरण रानात उगवत नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्याचा भाव तुमच्या-माझ्या हातात नाही. मग आपल्या हातात काय आहे? एका लिटरमध्ये आपले वाहन किती किलोमीटर चालते, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

जीपवर किंवा ऑटोरिक्षावर ज्या घराचे पोट चालते, त्या घरासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एक जीप दररोज १२० किलोमीटर आणि महिन्यातून २५ दिवस धावते. म्हणजे महिन्याला ३००० किलोमीटर झाले. ती लिटरमागे १२ किलोमीटर चालत असेल, तर महिन्याला २५० लिटर डिझेल लागेल. आता तीच जीप लिटरमागे साडेबारा किलोमीटर चालू लागली, तर २४० लिटर डिझेल पुरेल. फरक फक्त अर्ध्या किलोमीटरचा, पण महिन्याला १० लिटर डिझेल वाचले. लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर महिन्याला ९०० रुपये आणि वर्षाला १०,८०० रुपये शिल्लक राहिले. एवढ्या पैशांत मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि कपड्यांचा खर्च निघू शकतो. त्यासाठी एकही फेरी वाढवावी लागली नाही, की प्रवाशांकडून एक रुपयाही जास्त घ्यावा लागला नाही.

मग हा अर्धा किलोमीटर मिळवायचा कसा? ते समजण्यासाठी आधी तेल कोठे जाते, ते पाहू.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते, तेव्हा उष्णता निर्माण होते. पेट्रोलच्या मोटारीत या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरच्या धुराबरोबर आणि रेडिएटरच्या वाटे निघून जाते. डिझेलचे इंजिन थोडे अधिक काम काढते, पण तेथेही निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. हा तोटा इंजिनाच्या रचनेतलाच आहे. तो चालकाला टाळता येत नाही. परंतु जो हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, त्याचे काय करायचे, हे चालकाच्या पायावर अवलंबून असते.

हा हिस्सा तीन ठिकाणी खर्च होतो. पहिले ठिकाण म्हणजे समोरची हवा. सायकल जोरात चालवताना हवा छातीवर आदळते, हे तुम्ही अनुभवले असेल. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना हवा जेवढा विरोध करते, त्याच्या चौपट विरोध ती ताशी ८० किलोमीटर वेगाला करते. बुलढाणा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. या मार्गावर लहान मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. पण ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेग धरला, तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. परवानगी आहे म्हणून तो वेग गाठलाच पाहिजे, असे नाही.

आता वेगाने वाचणारा वेळ पाहा. ३० किलोमीटरचा रस्ता ताशी ६० किलोमीटर वेगाने ३० मिनिटांत संपतो. ताशी ७५ किलोमीटर वेगाने तो २४ मिनिटांत संपतो. म्हणजे वाचली फक्त सहा मिनिटे. तीही वाटेतल्या गतिरोधकांवर आणि बैलगाड्यांच्या मागे बहुधा निघून जातात. जळलेले जास्तीचे तेल मात्र परत येत नाही.

वेग आणि तेल यांचा हा संबंध जगाला १९७३ साली चांगलाच कळला. त्या वर्षी पश्चिम आशियातील युद्धानंतर अरब देशांनी तेलाचा पुरवठा कमी केला. काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही १९७४ साली महामार्गांवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, अशी वेगमर्यादा घातली. हेतू एकच होता, तेल वाचवणे. आपल्या देशातही तेलाची बचत शिकवण्यासाठी १९७८ साली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था सुरू झाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर या वेगात तेल कमी लागते, असे ती चालकांना सांगत आली आहे.

तेल खर्च होण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे ब्रेक. ब्रेकला तेल कोठे लागते, असे तुम्ही विचाराल. जरा विचार करा. वाहनाला वेग आला, तो तेल जळूनच आला. ब्रेक दाबला की त्या वेगाची उष्णता होते आणि ती हवेत उडून जाते. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला वेग आपण फेकून दिला. पुढे जायचे, तर तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. म्हणून चांगला चालक दूरवर पाहतो. पुढे गतिरोधक, वळण किंवा बाजारातली गर्दी दिसली, की तो अॅक्सिलरेटरवरून पाय आधीच काढतो. वाहन आपोआप मंदावते आणि ब्रेक हलकेच लावला तरी पुरतो. वाईट चालक गर्दीपर्यंत जोरात येतो, कचकन ब्रेक दाबतो आणि लगेच पुन्हा जोर देतो. दोघेही गावात एकाच वेळी पोहोचतात. एकाची टाकी मात्र लवकर रिकामी होते. याचा अर्थ ब्रेक लावण्यास कचरावे, असा मुळीच नाही. माणूस किंवा जनावर आडवे आले, तर तेलाचा विचार न करता ब्रेक दाबलाच पाहिजे.

तिसरे ठिकाण म्हणजे टायर. सायकलमध्ये हवा कमी असली की पायडल मारताना आपला दम निघतो. मोटारसायकलचे आणि जीपचेही तसेच आहे. फरक एवढाच, की तेथे दम आपला निघत नाही, इंजिनाचा निघतो; म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. टायरमध्ये किती हवा असावी, ते वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मोटारीच्या दाराजवळही बहुधा तशी पट्टी चिकटवलेली असते. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, हवा तपासावी. हे केवळ पैशांचे काम नाही. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो आणि चालताना तापतो. वेगात असताना असा टायर फुटला, तर प्राणावर बेतते. महामार्गावर लांब जाणाऱ्याने टायर तपासल्याशिवाय निघूच नये.

याशिवाय काही तेल वाहन जागचे न हलताच जळते. स्टँडवर सगळ्या सीटा भरेपर्यंत जीप सुरूच ठेवायची आणि मधूनमधून रेस करायची, ही सवय अनेक ठिकाणी दिसते. लहान मोटारीचे इंजिन उभ्याउभ्या तासाला साधारणपणे अर्धा ते एक लिटर तेल पिते. या काळात वाहन किती चालले? शून्य किलोमीटर. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे. नव्या वाहनांना सकाळी दहा-दहा मिनिटे गरम करण्याचीही गरज नसते. सुरू करून थोड्या वेळाने हळूहळू निघावे.

गिअरकडेही लक्ष हवे. खालच्या गिअरमध्ये जास्त वेग घेतला, की इंजिन ओरडते. वरच्या गिअरमध्ये फार हळू चालवले, की ते धडधडते. दोन्ही वेळा इंजिन आपल्या भाषेत तक्रारच करत असते. तसेच क्लचवर सतत पाय ठेवू नये. त्यामुळे क्लच घसरतो, ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही आणि क्लचप्लेटही लवकर झिजते.

आता वाहनाच्या निगेविषयी पाहू. उन्हाळ्यात आपल्या भागातील रस्त्यांवर आणि शेतांत फार धूळ असते. इंजिनाला तेलाइतकीच हवाही लागते आणि ती एअर फिल्टरमधून गाळून आत जाते. फिल्टर धुळीने भरला की इंजिन गुदमरते. कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारसायकली अशा वेळी सरळ जास्त पेट्रोल पितात. एप्रिल २०२० पासून नव्या नियमांची, म्हणजे बी.एस.६ वाहने आली. त्यांत पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा असते. त्यामुळे ती तेवढे पेट्रोल वाया घालवत नाहीत, पण त्यांचीही ताकद कमी होते. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून सतत काळा धूर निघत असेल, तर नीट न जळलेले डिझेलच बाहेर पडते आहे, असे समजावे. फिल्टर भरलेला असेल किंवा डिझेल फवारणारे नोझल खराब झाले असेल. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये ऑईल असते. धुळीच्या दिवसांत ते वरचेवर पाहावे लागते.

मोटारसायकलची साखळी कोरडी किंवा जास्त ताणलेली नसावी. ब्रेक चाकाला घासत नसावा. हे तपासणे अगदी सोपे आहे. मोटारसायकल मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागचे चाक हाताने फिरवा. ते मोकळेपणाने फिरले पाहिजे. लगेच अडकून थांबले, तर मेकॅनिकला दाखवावे. इंजिनातील ऑईल ठरलेल्या किलोमीटरनंतर बदलावे. जीपच्या टपावर रिकामे कॅरिअर किंवा गरज नसलेले सामान घेऊन फिरू नये. वजन ओढायला आणि हवा कापायला तेलच लागते.

मित्रांनो, बचतीच्या नावाखाली काही चुकीच्या गोष्टीही केल्या जातात. त्यांपासून सावध राहिले पाहिजे. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट लागतो. अशा घाटांत उतरताना काही चालक इंजिन बंद करतात किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देतात. तेल वाचले, असे त्यांना वाटते. पण इंजिन बंद झाले, की ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते, ब्रेक घट्ट होतो आणि स्टिअरिंगही जड होऊ शकते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर राहत नाही. सारा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि निकामी होऊ शकतात. शिवाय त्यात फायदाही नाही. आजच्या बहुतेक वाहनांत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंजिनाला जाणारे तेल यंत्रणा स्वतःच बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी तेल लागतेच. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. टाकीत रॉकेल मिसळणे ही तर फसवी बचत आहे. तो कायद्याने गुन्हा आहे आणि त्याने इंजिनही खराब होते.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. आपण खरोखर बचत केली, हे कशावरून समजावे? मोजल्यावरून! आपली एस.टी. हेच करते. महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. अहमदनगरला आता अहिल्यानगर म्हणतात. एवढ्या वर्षांच्या कारभारात एस.टी.ने डिझेलच्या हिशेबाला मोठे महत्त्व दिले. तेथे दहा लिटर डिझेलमागे बस किती किलोमीटर चालली, हे पाहतात. मोठ्या बसला लिटरमागे साधारण चार-पाच किलोमीटरच मिळतात. त्यामुळे दहा लिटरचा हिशेब धरला की लहान फरकही दिसतो. समजा, एका आगारात ६० बस आहेत आणि प्रत्येक बस दिवसाला ३०० किलोमीटर धावते. एकूण १८,००० किलोमीटर झाले. दहा लिटरमागे ४५ किलोमीटर मिळाले, तर ४००० लिटर डिझेल लागेल. ४५ चे ४६ झाले, तर सुमारे ३९१३ लिटर पुरेल. फक्त एका किलोमीटरने एका दिवसात ८७ लिटर वाचले!

हा हिशेब घरीही करता येतो. पंपावर टाकी पूर्ण भरावी आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहावा. समजा, तो १०,४५० आहे. काही दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरावी. या वेळी ६.४ लिटर पेट्रोल बसले आणि मीटरवर १०,७३८ हा आकडा आला. म्हणजे गाडी २८८ किलोमीटर चालली. २८८ ला ६.४ ने भागले, की ४५ येतात. हे झाले लिटरमागे किलोमीटर. महिनाभर टायरची हवा, वेग आणि ब्रेक यांकडे लक्ष द्यावे आणि पुन्हा मोजावे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते. त्यामुळे फार जुन्या आकड्याशी तुलना करू नये. गेल्या महिन्याशी या महिन्याची तुलना करावी.

गिअरचे वाहन चालवण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी आज वाहन चालवू नये. पण वही लिहायला परवाना लागत नाही. अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ पेट्रोल भरून आले, की तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर वहीत लिहून ठेवण्याचे काम तुम्ही घ्या. भागाकार तुम्हांला येतोच. दोन महिन्यांनी ती वही घरच्यांपुढे ठेवा. कोणालाही उपदेश करावा लागणार नाही. वहीतले आकडेच बोलतील.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. उर्दूत आपण जिला किफायत म्हणतो, ती ही काटकसर. किफायत हा शब्द मराठीतही चालतो. कंजूस माणूस गरजेचा खर्चही टाळतो. किफायतशीर माणूस खर्च करतो, पण वाया काही जाऊ देत नाही. दवाखान्यात जायचे असेल, तर गाडी काढलीच पाहिजे. फक्त तिच्या टायरमध्ये हवा असावी आणि चालकाचा पाय हलका असावा. एक लिटर पेट्रोल वाचले, तर सव्वादोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचतो, हा आणखी एक फायदा. मराठीत म्हणतात, थेंबे थेंबे तळे साचे. उर्दूत म्हणतात, कतरा कतरा दरिया होतो. तेलाच्या टाकीलाही ही म्हण तितकीच लागू पडते.

स्वाध्याय

१. वेगाने वाहन चालवल्यास जास्त तेल का लागते?
२. 'ब्रेक दाबणे म्हणजे विकत घेतलेला वेग फेकून देणे', हे विधान स्पष्ट करा.
३. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये का सोडू नये? दोन कारणे लिहा.
४. एक मोटारसायकल महिन्याला ९०० किलोमीटर चालते. लिटरमागे ४५ ऐवजी ५० किलोमीटर मिळाल्यास महिन्याला किती लिटर पेट्रोल वाचेल?
५. काटकसर आणि कंजुषी यांतील फरक तुमच्या घरातील एखादे उदाहरण देऊन सांगा.